विश्लेषण : मतदार वाढले, मतेही वाढली; मग टक्का का घसरला? पिंपरी-चिंचवड ते चाकण पट्ट्याचे गणित

लोकसभेच्या २०२४ च्या निवडणुकीत मावळ आणि शिरूर या दोन्ही मतदारसंघांत मतदानाचा टक्का २०१९ च्या तुलनेत सुमारे पाच अंकांनी घसरला. ‘शहरी मतदार सुट्टी घेऊन फिरायला गेला’ असे नेहमीचे स्पष्टीकरण त्यावर दिले गेले. मात्र, याच निवडणुकीत दोन्हीकडे प्रत्यक्ष पडलेली मते आधीपेक्षा जास्त होती. देशभरातून कामगार येणाऱ्या या औद्योगिक पट्ट्यात टक्केवारी कशी ठरते, कोणाचे नाव कुठल्या यादीत असते आणि त्याचा परिणाम काय होतो, याचा हा आढावा.

आकडे काय सांगतात?

१३ मे २०२४, सोमवार. चौथ्या टप्प्यात राज्यातील ११ मतदारसंघांत मतदान झाले. मावळमध्ये ५४.८७ टक्के, शिरूरमध्ये ५४.१६ टक्के आणि शेजारच्या पुण्यात ५३.५४ टक्के. त्याच दिवशी बीडमध्ये ७१ टक्क्यांच्या जवळपास, तर जालन्यात ६९ टक्के मतदान झाले. संपूर्ण राज्याची सरासरी ६१ टक्क्यांच्या आसपास आणि देशाची ६६ टक्क्यांच्या जवळ राहिली. म्हणजे राज्याच्या कारखानदारीचा कणा समजला जाणारा हा पट्टा राज्याच्याही मागे आणि देशाच्याही मागे.

आता दुसरी बाजू. मावळमध्ये २०१९ ला सुमारे २३ लाख मतदार होते आणि त्यातील १३ लाख ६८ हजारांच्या आसपास लोकांनी मतदान केले. २०२४ ला मतदार झाले २५ लाख ८५ हजार आणि मतदान केले सुमारे १४ लाख १८ हजारांनी. मतदान करणारे ५० हजारांनी वाढले. यादी मात्र जवळपास पावणेतीन ते तीन लाखांनी फुगली. शिरूरचे गणितही असेच. तेथे मतदान करणारे सुमारे ८० हजारांनी वाढले, यादी साडेतीन लाखांहून अधिक वाढली. टक्केवारी हा अपूर्णांक असतो. वरचा आकडा हळू आणि खालचा झपाट्याने वाढला की टक्का खाली येतोच, मतदाराचा उत्साह तेवढाच राहिला तरीही.

आणखी मागे गेले तर चित्र वेगळेच दिसते. मतदारसंघ पुनर्रचनेनंतर २००९ मध्ये मावळची पहिली निवडणूक झाली, तेव्हा १६ लाख मतदारांपैकी ४५ टक्क्यांच्या आसपास लोक केंद्रावर गेले होते. त्या वेळी सात लाखांच्या थोडी वर मते पडली. पंधरा वर्षांनी त्याच्या जवळपास दुप्पट. २०१४ मध्ये टक्का ६० च्या आसपास पोहोचला, २०१९ मध्येही साधारण तेथेच राहिला आणि २०२४ मध्ये घसरला. ‘दरवेळी घटतच चाललेय’ ही समजूत त्यामुळे बरोबर नाही.

एका पट्ट्यात तीन मतदारसंघ कसे?

नकाशा समजून घेतल्याशिवाय पुढचे कळणार नाही. पिंपरी आणि चिंचवड हे विधानसभा मतदारसंघ मावळ लोकसभेत येतात. तळेगावही मावळात. पण हाच मतदारसंघ खंडाळ्याचा घाट उतरून कर्जत, पनवेल आणि थेट उरणच्या खाडीपर्यंत जातो. महापालिका हद्दीतले भोसरी मात्र शिरूरमध्ये. चाकण खेड-आळंदी विधानसभेत, म्हणजे तेही शिरूरमध्येच. आणि वाकडच्या पुलापलीकडचे हिंजवडी भोर विधानसभेत असल्याने बारामती लोकसभेत. वाकडला राहून हिंजवडीत नोकरी करणारा आणि भोसरीत वर्कशॉप असणारा, असे दोघे भाऊ एका घरात असले तर त्यांच्या रोजच्या जाण्या-येण्यात तीन खासदारांची हद्द लागते. बारामतीचे मतदान ७ मे रोजी झाले, मावळ-शिरूरचे १३ मे रोजी. त्यामुळे ‘आपले मतदान कधी’ हा प्रश्नही येथे वाटतो तेवढा साधा नसतो.

मावळ आणि शिरूर हे दोन्ही राज्यातील सर्वात मोठ्या मतदारसंघांत मोडतात. राज्यात सव्वानऊ कोटींहून अधिक मतदार आणि ४८ जागा, म्हणजे सरासरी एका खासदारामागे १९ लाखांच्या वर. येथे ती संख्या २५ लाखांच्या पुढे आहे.

शहरी मतदाराची उदासीनता हे कारण खोटे आहे का?

पूर्ण खोटे नाही. मावळ लोकसभेतच उरणमध्ये ६७ टक्क्यांच्या आसपास मतदान झाले, तर पनवेल आणि पिंपरी कसेबसे पन्नाशीला टेकले. शिरूरमध्ये आंबेगावने साठी ओलांडली. भोसरी आणि हडपसर पन्नाशीच्या आतच राहिले. ग्रामीण आणि शहरी भागांतील फरक उघड आहे. मे महिना, शाळांना सुट्ट्या, लग्नसराई, १० मे रोजी अक्षय्य तृतीया आणि त्याला जोडून शनिवार, रविवार, सोमवार. अशा वेळी गावाकडे किंवा कोकणात निघालेल्या गाड्यांची रांग अनेकांनी पाहिली असेल.

पण पिंपरी-भोसरीतल्या कामगाराला हा ‘लाँग वीकेंड’ लागू होत नाही. येथील बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. वीज भारनियोजनासाठी औद्योगिक भागाला दिलेला वेगळा वार पुढे इथल्या जगण्याचाच भाग झाला. रविवारी पाळी, गुरुवारी बाजार. सोमवारी मतदान आले म्हणून त्याला सलग तीन दिवस मिळत नाहीत. उदासीनतेचे स्पष्टीकरण सोसायटीतल्या आयटी कर्मचाऱ्याला लावता येईल. निघोजे, म्हाळुंगे, कुरुळी, खराबवाडी, नाणेकरवाडी येथील खोल्यांत राहणाऱ्यांना ते लावणे अन्यायाचे आहे. त्यांच्यापैकी अनेकांचे नाव येथील यादीत नसतेच. जे यादीत नाहीत, त्यांचा या टक्केवारीत हिशेबही होत नाही.

मग यादीत कोण असते?

या पट्ट्याची वाढ पाहिली तर यादीचे दुखणे लक्षात येते. १९५० च्या दशकात पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना आला. १९६२ मध्ये एमआयडीसीची स्थापना झाली. पाठोपाठ आकुर्डी, पिंपरी, भोसरी येथे मोठे कारखाने उभे राहिले. नगरपालिका १९७० ची, महापालिका १९८२ ची. २००१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या दहा लाखांच्या आसपास होती, २०११ ला ती १७ लाख २७ हजार झाली. बजाजपाठोपाठ फोक्सवॅगन, मर्सिडीज, महिंद्र अशी नावे चाकणला आली आणि आजूबाजूच्या गावांत शेताच्या बांधावर खोल्यांच्या चाळी उभ्या राहिल्या. २०११ नंतर जनगणना झालेली नाही. त्यामुळे आज येथे नेमके किती लोक राहतात आणि त्यातले किती बाहेरून आलेले आहेत, यावर कुठलाही अधिकृत ताजा आकडा नाही.

पहिल्या पिढीतले कामगार कायम झाले, त्यांनी घरे बांधली आणि यादीत नावे आली. आताचा कामगार मात्र बहुतेकदा ठेकेदाराकडे, काही महिन्यांच्या करारावर. कंपनी बदलली की खोली बदलते, कधी गावही बदलते. त्याचे नाव गावच्या यादीत तसेच राहते. दुसरीकडे, ज्यांनी दहा वर्षांपूर्वी येथे नाव नोंदवले आणि नंतर ते बंगळूरु, हैदराबाद किंवा दुसऱ्या उपनगरात गेले, त्यांची नावे येथील यादीत पडून असतात. गावात कोणी वारले किंवा कोणी गाव सोडले, तर मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याला, म्हणजे बीएलओला, ते चावडीवरच कळते. हे काम करणारे बहुधा शिक्षक किंवा अंगणवाडी सेविका असतात. पंधरा मजली इमारतीत किंवा दर सहा महिन्यांनी भाडेकरू बदलणाऱ्या चाळीत त्यांनी माहिती कोणाला विचारायची?

यात तिसरा प्रकार दुबार नावांचा. नव्या नोंदणीसाठी ‘नमुना ६’ भरायचा असतो आणि पत्ता बदलण्यासाठी ‘नमुना ८’. अनेकजण शहरात आल्यावर पुन्हा नमुना ६ भरतात. जुने नाव कायम राहते आणि नवेही लागते. अशा माणसाने गावी प्रामाणिकपणे एकदाच मतदान केले, तरी शहराच्या खात्यात तो ‘न आलेला मतदार’ म्हणून जमा होतो. म्हणजे खाली येणाऱ्या टक्क्यात काही भाग आळसाचा, काही भाग यादीतल्या रद्दीचा. दोन्हीचे प्रमाण किती, हे घरोघरी जाऊन यादी तपासल्याशिवाय सांगता येत नाही. नुसत्या टक्केवारीवरून शहराला दूषणे देणाऱ्यांनी एवढे तरी लक्षात ठेवावे.

उलटा अनुभवही पुण्याने घेतला आहे. १७ एप्रिल २०१४ ला मतदानाच्या दिवशी हजारो मतदारांना आपली नावे यादीतून गायब झाल्याचे आढळले आणि मोठा असंतोष उसळला. यादी साफ करताना जिवंत आणि हजर माणसाचे नाव उडाले की काय होते, याचे ते उदाहरण. आजही अनेक पुणेकर मतदानाच्या आदल्या आठवड्यात यादी पुन्हा पाहतात, ते उगाच नाही.

गावाकडचे नाव का सोडवत नाही?

समजा, उदगीर तालुक्यातला एक तरुण आयटीआय करून चाकणला आला. चौघांत मिळून एक खोली, बारा तासांची पाळी. त्याचे नाव लातूर लोकसभेच्या यादीत. २०२४ मध्ये लातूरचे मतदान ७ मे रोजी, मंगळवारी होते. मतदानाला जायचे तर सोमवारी रात्री गाडी पकडायची, मंगळवारी मत द्यायचे आणि रात्रभर प्रवास करून बुधवारी कामावर यायचे. गाडीभाडे, दोन खाडे आणि ठेकेदाराची नाराजी. नांदेड, परभणी, हिंगोलीच्या कामगाराला हीच कसरत २६ एप्रिलला करावी लागली, धुळे-नाशिकच्या कामगाराला २० मे रोजी. बीड, जालना, जळगाव, नगर या भागांचे मतदान मावळ-शिरूरबरोबर १३ मे रोजीच होते. म्हणजे चाकणची सुट्टी त्यांच्या कामी आली, बाकीच्यांच्या नाही.

एवढा खटाटोप असूनही तो नाव हलवत नाही, त्याला कारणे आहेत. ग्रामपंचायतीला पाच-दहा मतांनी निकाल फिरतो. तेथे त्याच्या मताला किंमत आहे, भावकीत मान आहे. सरपंचपदाचा उमेदवार स्वतः गाडी पाठवून त्याला नेतो. लोकसभेसाठी कोणी गाडी पाठवत नाही. शिवाय मतदार यादीतून नाव गेले की रेशन कार्ड, सातबारा किंवा जातीचा दाखला अडचणीत येईल, अशी भीती असते. ही भीती निराधार आहे. मतदार नोंदणीचा जमिनीच्या मालकीशी किंवा जातीच्या दाखल्याशी संबंध नाही. मात्र नाव हलवले की गावच्या पंचायतीत मत देता येत नाही आणि उभेही राहता येत नाही, हे खरे. कारण स्थानिक स्वराज्य संस्थांच्या याद्या विधानसभेच्या यादीवरूनच तयार होतात.

कायदा काय म्हणतो?

लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५० नुसार एका व्यक्तीचे नाव एकाच मतदारसंघात आणि एकदाच असू शकते. ज्या ठिकाणी माणूस ‘सामान्यतः राहतो’ तेथे त्याची नोंद व्हावी, हे तत्त्व. गावी केवळ घर आहे म्हणून तो तेथील रहिवासी ठरत नाही. आणि काही काळ बाहेर गेला म्हणून त्याचे रहिवासित्व संपतही नाही. या दोन वाक्यांच्या मध्ये चाकणचा करारावरचा कामगार अडकतो. अकरा महिने चाकणला आणि पेरणी-काढणीला गावी. हा नेमका कुठला रहिवासी? अर्जात खोटी माहिती दिली तर एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्हीची तरतूद आहे. त्यामुळे दोन ठिकाणी नाव ठेवणे हा ‘चालते हो’ म्हणण्याचा विषय नाही.

सुट्टीबाबतचा कायदा बराच स्पष्ट आहे, पण तो फारसा कोणाला माहीत नाही. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ मध्ये १९९६ साली कलम १३५ ब आले. मतदानाच्या दिवशी उद्योग, व्यापार किंवा अन्य आस्थापनेतील प्रत्येक मतदार कर्मचाऱ्याला भरपगारी सुट्टी द्यावी लागते. रोजंदारीवरचा कामगारही त्यात येतो. ज्याच्या गैरहजेरीने धोका किंवा मोठे नुकसान होऊ शकते, अशा कामांना अपवाद आहे. भट्टी थांबवता येत नाही, अशा ठिकाणी पूर्वपरवानगीने काही तासांची सवलत देण्याचे आदेश राज्य सरकार निवडणुकीच्या वेळी काढते.

यातला खरा मुद्दा पुढे आहे. कर्मचारी जेथे काम करतो तेथे त्या दिवशी मतदान नसले, पण जेथे त्याचे नाव आहे तेथे असले, तरी त्याला भरपगारी सुट्टी मिळायला हवी, असे निवडणूक आयोगाने स्पष्ट केले आहे. म्हणजे उदगीरच्या त्या तरुणाला ७ मे रोजी चाकणमध्ये कारखाना सुरू असतानाही पगारी सुट्टीचा हक्क होता. हक्क मोडणाऱ्या मालकाला दंड किती? पाचशे रुपयांपर्यंत. १९९६ मध्ये ठरलेली ही रक्कम आजही तेवढीच आहे. आणि सुट्टी एका दिवसाची. येण्या-जाण्याच्या दोन रात्री कोणाच्याच हिशेबात नाहीत.

जेथे काम तेथूनच मत देता येणार नाही का?

निवडणूक आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘रिमोट व्होटिंग मशीन’ची कल्पना मांडली. एकाच केंद्रावरून ७२ मतदारसंघांचे मतदान घेऊ शकेल, असे प्रारूप तयार करण्यात आले होते. २०१९ मध्ये देशात ३० कोटींहून अधिक मतदारांनी मतदान केले नव्हते आणि देशांतर्गत स्थलांतर हे त्याचे एक महत्त्वाचे कारण असल्याचे आयोगाचे म्हणणे होते. जानेवारी २०२३ मध्ये राजकीय पक्षांना बोलावण्यात आले, तेव्हा विरोधी पक्षांनी आक्षेप घेतले. ‘स्थलांतरित’ कोणाला म्हणायचे, दूरच्या राज्यातील केंद्रावर लहान पक्षाचा प्रतिनिधी बसणार कसा, तेथे आचारसंहिता कशी लावायची, असे ते प्रश्न. ते चुकीचे नव्हते. उदगीरचा उमेदवार चाकणच्या केंद्रावर प्रतिनिधी नेमणार कुठून? २०२४ ची निवडणूक या यंत्राशिवायच झाली.

अशी सोय आपल्याकडे अगदीच अपरिचित मात्र नाही. काश्मिरी विस्थापितांसाठी जम्मू, उधमपूर आणि दिल्लीत विशेष मतदान केंद्रे असतात. सैनिकांना टपाली मतदान आहे. ऑस्ट्रेलियात मतदान सक्तीचे आहे, पण घरापासून लांब असलेल्याला आपल्या राज्यातील दुसऱ्या केंद्रावर मत देण्याची सोयही आहे. कामासाठी घर सोडणाऱ्या भारतीय मजुराला यांपैकी काहीही उपलब्ध नाही. सोसायट्यांसाठी मात्र बदल झाला. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत राज्यात हजाराहून अधिक मतदान केंद्रे गृहसंकुले आणि उंच इमारतींत थाटण्यात आली. लिफ्टने खाली उतरून मत देता यावे, ही सोय चांगलीच. कामगारांच्या चाळीजवळ केंद्र नेऊन उपयोग नाही, कारण तेथे आधी नाव लागते.

याने कोणाचे काय बिघडते?

मावळमध्ये २०२४ ला श्रीरंग बारणे ९६ हजार ६१५ मतांनी निवडून आले. मतदान न केलेल्यांची संख्या साडेअकरा लाखांहून अधिक, म्हणजे मताधिक्याच्या बारा पट. शिरूरमध्ये अमोल कोल्हे यांचे मताधिक्य १ लाख ४० हजार ९५१ आणि मतदान न केलेले पुन्हा साडेअकरा लाखांवर. या सर्वांनी मत दिले असते तर निकाल बदलला असता, असे म्हणता येत नाही. पण उमेदवार प्रचाराची आखणी करतो ती यादी पाहून. पुणे-नाशिक महामार्गावर आणि तळेगाव-चाकण-शिक्रापूर रस्त्यावर रोज तासन्‌तास अडकणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये बसलेल्यांपैकी किती जण त्या यादीत आहेत, हे तो बरोबर ओळखून असतो. रस्ता, पाणी, खोलीभाडे, कंत्राटी कामाचे नियम हे त्याचे प्रश्न चाकणमध्ये. मत उदगीरमध्ये, तेही जमले तर.

बिहारमधून आलेल्या कामगाराची अडचण आणखी पुढे गेली आहे. तेथे २०२५ मध्ये मतदार यादीची विशेष सखोल फेरतपासणी झाली. १ ऑगस्टला प्रसिद्ध झालेल्या प्रारूप यादीत सुमारे ६५ लाख नावे नव्हती. त्यातील ३६ लाखांच्या आसपास ‘कायमचे स्थलांतरित किंवा न सापडलेले’ या रकान्यात होती. ज्याचे नाव तेथून वगळले गेले आणि महाराष्ट्रात कधी लागलेच नाही, तो कुठल्याच टक्केवारीत येत नाही.

नाव हलवायचे असेल तर?

आयोगाच्या मतदार पोर्टलवर नमुना ८ भरायचा. जुन्या ओळखपत्राचा क्रमांक दिला की जुन्या ठिकाणचे नाव कमी होऊन नव्या ठिकाणी लागते. वेगळा अर्ज करून गावचे नाव कापावे लागत नाही. पत्त्याचा पुरावा म्हणून आधार, बँक किंवा पोस्टाचे पासबुक, वीज, पाणी वा गॅसचे बिल, नोंदणीकृत भाडेकरार चालतो. घोडे अडते ते येथे. आधारवर गावचा पत्ता, वीजबिल मालकाच्या नावे आणि चाळमालक नोंदणीकृत करार करून द्यायला तयार नाही. अशा वेळी यांपैकी एकही कागद नसला, तरी अर्ज त्या कारणाने फेकून देता येत नाही. प्रत्यक्ष जागेवर जाऊन पडताळणी करणे आवश्यक आहे, असे अर्जातच नमूद आहे. बीएलओ आला तेव्हा अर्जदार पाळीवर असेल, तर मात्र तो ‘आढळला नाही’. म्हणून अर्जात मोबाइल क्रमांक अचूक द्यावा आणि शेजाऱ्याला सांगून ठेवावे.

१८ वर्षे पूर्ण झाल्याची तारीख पूर्वी फक्त १ जानेवारी धरली जात असे. आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा आहेत. अडचण आल्यास १९५० हा मदत क्रमांक आहे. उमेदवारी अर्जांची शेवटची मुदत संपली की यादीत नवे नाव घेता येत नाही. त्या मुदतीच्या किमान दहा दिवस आधी अर्ज पोहोचलेला असावा लागतो. प्रचाराचे भोंगे चाकणच्या चौकात वाजायला लागतात, तोपर्यंत ही तारीख बहुधा उलटून गेलेली असते.